डावभर पाणी
(सौना : लेखांक सहावा)

सौना आणि हृदय यांच्या अभ्यासातल्या, फिनलंडमधल्या कुओपिओच्या त्या २,३१५ पुरुषांकडे आज यायचं ठरलं होतं. पण नाशिकच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं. त्यातला प्रश्न इतका नेमका आहे की हृदयाचे आकडे पुढच्या आठवड्यावर ढकलतोय. त्या विचारतात, ‘आंघोळीचं पाणी ५० अंशांचं असेल तर अंग पोळतं. मग ही फिनलंडची माणसं ८० अंशांत बसतात कशी?’

अर्धं उत्तर सोपं आहे. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश पोचते. पाणी त्या कामात हवेच्या सुमारे २५ पट तरबेज. शिवाय सौनातली हवा कोरडी असते. घाम फुटला की उडतो आणि उडताना कातडी गार करतो.

उरलेलं अर्धं उत्तर माझ्या जिव्हाळ्याचं. भट्टीवरच्या तापलेल्या दगडांवर लाकडी बादलीतलं डावभर पाणी टाकलं की जी वाफ उठते, तिला फिनिश भाषेत ‘लोयल्यू’ म्हणतात. गंमत अशी की त्या वेळी भिंतीवरच्या तापमापकाचा काटा जवळपास हलत नाही. कानाच्या पाळ्या मात्र चटचटतात, खांद्यांवरून ऊब सरसरत खाली उतरते. ही उष्णता येते कुठून?

मोदकपात्र आठवा. २०० अंशांच्या ओव्हनमध्ये आपण क्षणभर हात घालतो, काही होत नाही. मोदकपात्राचं झाकण उघडताना मात्र १०० अंशांची वाफ बोटं पोळून काढते. वाफ गार कातडीला लागली की तिचं पुन्हा पाणी होतं, आणि पाणी होताना एक ग्रॅम वाफ सुमारे ५४० कॅलरी उष्णता सोडून देते. तेवढंच उकळतं पाणी १०० अंशांवरून ४० वर आलं तरी ६० कॅलरीच देतं. सौनात माणसाचं अंग ही सगळ्यात गार वस्तू, म्हणून वाफ आधी तिथेच बसते. पाणी टाकल्यावर छातीवरून जे ओघळ येतात, त्यातला काही भाग घाम नसतोच. दगडांवर टाकलेलं ते पाणी आपल्या अंगावर परत आलेलं असतं.

त्या घटकाभरात घामही उडत नाही. मग अंतर्भागातली उष्णता बाहेर काढायला हृदय कातडीकडे जास्त रक्त ढकलतं आणि नाडी भरभर चालताना पडते तशी पडू लागते. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी किंवा बसल्याबसल्याही छातीत दुखणाऱ्यांनी सौना टाळायचा तो यासाठी. दारू पिऊन तर कुणीच जाऊ नये.

पुण्यातल्या एका व्यायामशाळेत मी पाटी पाहिली होती : ‘दगडांवर पाणी टाकू नये.’ आत शंभर अंश, आणि नाकाच्या आत कोरड पडलेली माणसं. मला फार वाईट वाटलं. कुओपिओच्या अभ्यासातलं सरासरी तापमान ७९ अंशांच्या आसपास होतं, शंभर नव्हे. माझं स्पष्ट मत आहे की ७० अंश आणि चांगली वाफ हे शंभर कोरड्या अंशांपेक्षा कितीतरी सुखाचं.

लोयल्यू हा शब्दही जुना आहे. हंगेरियन भाषेत त्याचा सख्खा भाऊ आहे, ‘लेलेक’, आणि त्याचा अर्थ आत्मा. आपल्याकडे श्वासालाही प्राण आणि जिवालाही प्राण, तसंच काहीसं. जुन्या फिनिश घरांत बाळंतपणं सौनात होत आणि मृताला शेवटचं स्नानही तिथेच घालत, हे मागे सांगितलंय. त्या शब्दाची जागा तिथेच आहे.

भगिनींनो, पहिल्यांदा जाल तेव्हा खालच्या बाकावर बसा. वाफ आधी छताला जाते, वरच्या बाकावरच्यांना गाठते आणि खाली येईतो बरीच निवते. डाव उचलण्याआधी बाकीच्यांना ‘टाकू का?’ म्हणून विचारायचं. आणि पाणी एका जागी ओतायचं नाही. दगड गार पडले की नुसती जड, ओली वाफ येते. सगळ्या दगडांवर थोडं थोडं शिंपडायचं, आणि चर्र आवाज थांबेपर्यंत पुढचा डाव भरायचा नाही.