मॉडेल रेल्वेचा वायरलेस कंट्रोलर मध्येच बंद का पडतो?

हातातल्या वायरलेस कंट्रोलरमध्ये बहुधा निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल सेल घातले जातात. अशा सेलचा व्होल्टेज १.२, तर साध्या अल्कलाइनचा नवा असताना १.५. म्हणजे चार सेलच्या कंट्रोलरला सहाऐवजी ४.८ व्होल्टच मिळतात. कंट्रोलरची सेटिंग अल्कलाइनवर राहिली, तर पूर्ण चार्ज असूनही 'लो बॅटरी' दिसते. मेनूत सेलचा प्रकार बदलण्याची सोय असेल, तर आधी तेच पाहावे. बऱ्याच तक्रारी तिथेच मिटाव्यात.

सेटिंग बरोबर असेल, तर खरा चोर बहुतेक वेळा एखादाच अशक्त सेल असतो. लोड नसताना मल्टिमीटरवर तो १.३ व्होल्ट दाखवतो आणि साळसूद वाटतो. रेडिओ सिग्नल पाठवताना करंट वाढला की मात्र कोसळतो. म्हणून मोजणी लोडवरच करावी: कंट्रोलर चालू ठेवून प्रत्येक सेल वेगळा तपासावा. एक व्होल्टच्या खाली जाणारा सेल बाद. जुन्यात एकच नवा मिसळू नये, कारण सर्वांत आधी रिकामा होणारा सेल बाकीच्यांच्या करंटमुळे उलटा चार्ज होऊन बिघडतो.

संपर्कपट्ट्यांवरचा काळपट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. काही रिचार्जेबल सेलचे टोक बुटके असते, ते पट्टीला नीट टेकतच नाही.

महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या कंट्रोलरसाठी सान्योने २००५ मध्ये आणलेल्या एनेलूपसारखे, पडल्यापडल्या कमी उतरणारे सेलच घ्यावेत.