धाप लागलेले मांजर

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादसारख्या गावात मांजर हौसेने आणले जातेच असे नाही. मक्याची पोती, भाव येईपर्यंत खोलीत भरून ठेवलेला कापूस आणि त्यातले उंदीर यांच्यामागे ते येते नि घरचे होऊन बसते. मुले त्याला कुशीत घेऊन झोपतात, आजी दूधभाताचा घास काढून ठेवते. पण बैल आजारी पडला तर शेजारीपाजारी धावून येतात. मांजराचे दुखणे घरच्यांनाही कळत नाही. त्यात सारा दोष आपलाच नाही. दुखणे लपवणे हा मांजराचा स्वभावच. ते कोपऱ्यात पोत्यांमागे बसून राहते आणि ‘उंदीर खाऊन सुस्तावले असेल’ म्हणून आपण सोडून देतो.

कुत्रे जीभ काढून धापा टाकते, ती त्याची अंग थंड करण्याची रीत. मांजराचे तसे नसते. शांत बसलेले मांजर तोंड उघडून श्वास घेऊ लागले, की प्रकरण हातघाईवर आले असे समजावे. त्याआधीही खुणा असतात. पोट भात्यासारखे हलते, मान पुढे ताणलेली, पुढच्या पायांची कोपरे अंगापासून फाकलेली. कुशीवर पडायला ते तयार नसते. हिरड्या निळसर किंवा पांढऱ्याफटक दिसल्या तर क्षणही दवडू नये.

एक काम मुलांवर सोपवता येईल. मांजर गाढ झोपले असता घड्याळ लावून श्वास मोजावेत. छाती वर जाऊन खाली आली की एक. निरोगी मांजराचे मिनिटाला साधारण 30 च्या आत भरतात. वारंवार त्याहून जास्त भरले तर डॉक्टरांना दाखवावे. 40 च्या पुढे गेले तर त्याच दिवशी, त्याच तासाला. धडधाकट असतानाचा आकडा दुधाच्या हिशेबाशेजारी कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

कारणे अनेक. विषाणूंची सर्दी, छातीत साठलेले पाणी, हृदयविकार, गाडीचा धक्का. मांजराला दमाही होतो. खोकताना ते जमिनीशी दबून मान लांब करते आणि आपल्याला वाटते, पोटातले केस ओकते आहे! चुलीचा धूर, डासांची कॉइल, अगरबत्ती यांनी तो बळावतो.

खरी भीती आपल्या घरगुती वैद्यकीची आहे. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉलची गोळी दुधात चुरून देणारे लोक आहेत. माणसाला सोसणारे हे औषध मांजराचे यकृत निकामी करू शकत नाही असे नाही, पण त्याआधीच ते रक्ताचा प्राणवायू वाहण्याचा गुण काढून घेते. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजते, धाप लागते. एक गोळीही जीव घेऊ शकते.

धाप लागलेल्या मांजराला पाणी पाजू नये, उताणे धरू नये, ओव्याची धुरी तर नकोच. पोत्यात घालून तोंड बांधण्याची गावाकडची पद्धत इथे घातक ठरते. भोके पाडलेला खोका किंवा झाकणाची टोपली घ्यावी. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी फोन करावा. प्राणवायू आणि एक्स-रेची सोय तिथे नसेल, तर जालन्याला न्यावे की छत्रपती संभाजीनगरला, हे डॉक्टरच सांगतील. गोळी दिली असेल तर ती लाजेने लपवू नये. तिच्यावर उतारा आहे, पण तो वेळेत पडावा लागतो.