एकट्याचे निकालपत्र : न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन

न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन १८७७ पासून १९११ मध्ये मृत्यू होईपर्यंत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात होते. आज त्यांचे नाव घेतले जाते ते मात्र अल्पमतात राहून लिहिलेल्या निकालपत्रांमुळे. ज्या मताने त्या दिवशी पक्षकाराच्या पदरात काहीच पडले नाही, त्याला एवढे मोल का द्यायचे? माझ्या मते, असे निकालपत्र बहुमताच्या तर्कातली खोट कायमची नोंदवून ठेवते आणि पुढच्या पिढीला लढण्यासाठी तयार युक्तिवाद देते.

हार्लन यांचा जन्म १८३३ चा, केंटकीतल्या गुलाम बाळगणाऱ्या घराण्यातला. यादवी युद्धात ते संघराज्याच्या बाजूने लढले, पण गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला त्यांचा विरोध होता. पुढे १८६८ च्या सुमारास ते रिपब्लिकन पक्षात गेले आणि त्यांनी जुनी भूमिका जाहीरपणे सोडली. हा संधिसाधूपणा होता, असा आक्षेप घेतला जातो. पण त्या पक्षातर्फे गव्हर्नरपदाच्या १८७१ आणि १८७५ अशा दोन्ही निवडणुका ते हरले. न्यायमूर्तिपद तहहयात मिळाल्यावर तर कुणाची मर्जी राखण्याचे कारणच उरले नव्हते, आणि त्यांची सर्वांत ठाम मते त्यानंतरची आहेत.

निवासी हॉटेले, रेल्वे, नाटकगृहे यांत वर्णभेदाला बंदी करणारा १८७५ चा कायदा १८८३ मध्ये न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी रद्द केला. समान संरक्षणाची हमी देणारी चौदावी घटनादुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी व्यक्तींना नाही, असे बहुमताचे म्हणणे. विरोधी निकालपत्र लिहिताना हार्लन यांची लेखणी अडली, तेव्हा पत्नी मॅल्विना यांनी एक दौत काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. सरन्यायाधीश टॅनी यांनी १८५७ मध्ये कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारणारा ड्रेड स्कॉट खटल्याचा निकाल याच दौतीने लिहिला होता. हार्लन यांनी मुद्दा मांडला तो असा : रेल्वे आणि निवासी हॉटेले कायद्याच्या परवानगीने सार्वजनिक काम करतात, आणि गुलामगिरी नष्ट करायची तर तिच्या खुणाही पुसायला हव्यात. ज्या तेराव्या दुरुस्तीला त्यांनी एकेकाळी विरोध केला, तिचाच हा आधार होता.

लुइझियानात गोऱ्यांच्या डब्यात बसल्याबद्दल अटक झालेल्या होमर प्लेसी यांचा खटला १८९६ मध्ये सात विरुद्ध एक मतांनी फेटाळला गेला. ते एक मतही हार्लन यांचेच. डबे सारखेच असले तरी वेगळे काढण्यामागचा हेतू अपमानाचा आहे आणि राज्यघटना नागरिकांचा रंग पाहत नाही, असे त्यांनी बजावले.

पण याच निकालपत्रात त्यांनी चिनी लोकांविषयी हीन लिहिले. जॉर्जियातल्या एका जिल्ह्याने कृष्णवर्णीयांचे हायस्कूल बंद केले आणि गोऱ्यांचे चालू ठेवले, तेव्हा १८९९ मध्ये त्या जिल्ह्याच्या बाजूचा एकमताचा निकाल हार्लन यांनीच लिहिला. हे झाकून त्यांना संत ठरवणे अप्रामाणिकपणाचे होईल. मात्र यावरून त्यांचे तत्त्व खोटे ठरत नाही, ते पाळण्यात ते स्वतः कमी पडले एवढेच ठरते. आणि हा ठपका आपण ठेवतो तोही त्यांनीच मांडलेल्या कसोटीवर.

राहिला परिणामाचा प्रश्न. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरायला १९५४ साल उजाडले. हा निकाल ज्यात लागला तो खटला लढवणारे वकील थर्गुड मार्शल निराशेच्या क्षणी हार्लन यांचे प्लेसी खटल्यातले निकालपत्र मोठ्याने वाचत, असे त्यांच्या सहकारी कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांनी सांगितले आहे. वर्णभेद मोडला तो खटले लढणाऱ्यांनी आणि अपमान सोसून उभे राहिलेल्यांनी. पण त्यांची मागणी घटनेबाहेरची नव्हती, हे १८९६ मध्येच लेखी नोंदले गेले होते, आणि म्हणूनच अन्याय्य निकालाविरुद्ध कारणांसह लिहिलेले एकट्याचे मत वाया जात नाही.