उत्तर आलं, पण कळलं का?

परवा कॉलेजच्या कॉमन रूममध्ये कॅरमचा डाव संपला आणि गणितवाल्या मैत्रिणीने सोंगट्या हातात घेतल्या. आधी एक ठेवली. तिच्या दोन बाजूंना काटकोनात तीन लावल्या, मग तशाच पाच, मग सात. दरवेळी चौरसच! विषम संख्या क्रमाने मिळवत जा, बेरीज वर्गसंख्याच येणार. हे मी शाळेत सूत्र म्हणून घोकलं होतं. असं का, ते त्या दिवशी दिसलं.

हे 'दिसणं' कम्प्युटरला जमेल का? ऑक्सफर्डचे गणितज्ञ रॉजर पेनरोज म्हणतात, नाही. १९८९ साली 'द एम्परर्स न्यू माइंड' या पुस्तकात त्यांनी आधार घेतला तो कुर्ट ग्योडेलच्या १९३१च्या प्रमेयाचा. सोप्या भाषेत सांगायचं तर, अंकगणितासाठी ठरावीक नियमांची कुठलीही विसंगतीमुक्त चौकट घ्या. तिच्यात सिद्ध न करता येणारं, तरीही खरं असं एखादं विधान उरतंच. पेनरोज म्हणतात, चौकटीला जे सिद्ध करता येत नाही, ते खरं आहे हे आपल्याला कळतं. म्हणजे आपलं समजणं ही नुसती आकडेमोड नाही. तत्त्वज्ञ जे. आर. लुकास यांनी १९६१मध्येच असा युक्तिवाद केला होता.

पटलं ना? मलाही पटलं होतं. पण गोम पुढेच आहे. ते विधान खरं मानायला चौकट विसंगतीमुक्त असल्याची खात्री हवी. ती आपल्याला कुठून आली? शिवाय आपलं डोकं तरी कुठे विसंगतीमुक्त आहे? अ‍ॅलन ट्युरिंगने १९५०मध्येच म्हटलं होतं, यंत्राच्या मर्यादा सिद्ध झाल्यात, मान्य. पण माणसाच्या बुद्धीला तशा मर्यादा नाहीत, हे कोणी सिद्ध केलंय? पेनरोज यांनी पुढे स्टुअर्ट हॅमेरॉफ यांच्यासोबत मेंदूच्या पेशींमधल्या सूक्ष्मनलिकांमध्ये, क्वांटम पातळीवर उत्तर शोधलं. ते बहुतेक शास्त्रज्ञांना पटलेलं नाही. २०२०चं नोबेल त्यांना मिळालं, पण कृष्णविवरांवरच्या कामासाठी.

मागच्या सेमिस्टरला रिसर्चच्या असाइनमेंटमध्ये मी चॅटबॉटने दिलेलं गणित जसंच्या तसं उतरवलं. उत्तर बरोबर होतं. व्हायव्हात सरांनी विचारलं, "ही पायरी का घेतली?" माझी बोलतीच बंद! यंत्राला समजतं का, यावर वाद चालू राहील. मला समजलं नव्हतं, यावर मात्र त्या खोलीत कोणाचाच वाद नव्हता.

कॅरमच्या सोंगट्यांचं गणित विचारा, आत्ता मांडून दाखवते.