यंत्राचें बळ कीं कारागिराचें लाघव?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या नातवानें हट्ट धरला. त्याच्या संगणकावर एक खेळ अडखळत चालतो, तेव्हां नवें ग्राफिक्स कार्ड घेऊन द्यावें. किंमत ऐकून मी थक्क झालों; माझें दोन महिन्यांचें निवृत्तिवेतन त्यांत सहज गेलें असतें. "आजोबा, यंत्रांतच दम नाहीं, तिथें खेळ काय करील?" हा त्याचा युक्तिवाद. मास्तरकीच्या जुन्या खोडीप्रमाणें मीं विचारलें, "दोष यंत्राचाच, हें कशावरून?" उत्तर त्याच्यापाशीं नव्हतें, खरें सांगावयाचें तर माझ्यापाशींही नव्हतें. म्हणून आम्हीं दोघांनीं या विषयाचा थोडा अभ्यास केला. त्याचें सार वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम यंत्राचा पक्ष. खेळ सेकंदास ६० चित्रांच्या गतीनें चालावयाचा, तर प्रत्येक चित्रास सुमारें १६.७ मिलिसेकंद मिळतात. १९२० × १०८० बिंदूंच्या पडद्यावर एका चित्रांत सुमारें २०.७ लाख बिंदू असतात. 'फोर-के' पडद्यावर ते बरोबर चौपट होतात. येथें नुसत्या चातुर्यानें भागत नाहीं; बळ लागतेंच.

आतां कारागिराचा पक्ष. १९९३ सालीं निघालेला 'डूम' हा खेळ ३८६ जातीच्या प्रोसेसरवर, त्रिमिती चित्रें काढणाऱ्या खास कार्डावांचून चाले. जॉन कार्मॅक यांनीं नकाशाची विभागणी आधींच करून ठेविली. त्यामुळें कोणती भिंत पुढें व कोणती मागें हें ऐन खेळांत नव्यानें शोधावें लागत नसे. १९९९ चा 'रोलरकोस्टर टायकून' ख्रिस सॉयर यांनीं जवळजवळ सगळा असेंब्ली भाषेंत, म्हणजे यंत्राच्या निकटतम बोलींत, लिहिला. अर्ध्या मात्रेची बचत झाली तरी हर्षित होणारे आपले वैयाकरण या दोघांना पाहून संतुष्ट झाले असते.

उलट उदाहरण अधिक बोधप्रद आहे. 'जीटीए ऑनलाइन' हा खेळ सुरू होण्यास कित्येक मिनिटें लागत. २०२१ सालीं एका बाहेरच्या जिज्ञासूनें कारण शोधलें. विक्रीच्या सुमारें ६३,००० वस्तूंची यादी वाचतांना, प्रत्येक पदापूर्वीं उरलेला सारा मजकूर शेवटपर्यंत मोजला जाई. हजेरी घेतांना प्रत्येक नांवापूर्वीं उरलेला पट मोजणाऱ्या शिक्षकासारखेंच हें. पुन्हां प्रत्येक वस्तु आधींच्या सर्व वस्तूंशीं ताडून पाहिली जाई. म्हणजे सुमारें १९८ कोटी तुलना! एवढें सुधारतांच त्याच्या यंत्रावर सहा मिनिटांचा विलंब दोन मिनिटांच्या आंत आला. कंपनीनें ती चूक मार्च २०२१ मध्यें दुरुस्त केली व त्यास १०,००० डॉलरचें बक्षीस दिलें. हा विलंब प्रोसेसरच्या कामांतला. कितीही महाग ग्राफिक्स कार्ड आणलें असतें तरी तो हटता ना.

टेबलावरील संगणक शेंकडों तऱ्हांचे असतात, त्या सर्वांवर खेळ नीट चालविणें सोपें नव्हे, हें मान्य. परंतु कारागिराचा एक आठवडा वाचला म्हणून हजारों घरांनीं नवीं यंत्रें घ्यावींत, हा कोणता हिशेब? ज्याला घेणें परवडतें तो घेतो. ज्याला परवडत नाहीं तें पोर आपल्या यंत्राला आणि मनांतून बापाच्या मिळकतीला दोष देत बसतें. मला खरें दुःख याचें वाटतें.

आम्हीं काय केलें? खेळ चालूं असतां कोणत्या भागावर किती भार पडतो तें मोजलें. सावल्यांचा बारकावा एक पायरी उतरवितांच अडखळणें थांबलें. नातवानें तशीच एकेक पायरी बदलून वहींत नोंदी केल्या. कार्ड कधींच घेऊं नये असें माझें म्हणणें नाहीं. पण आधीं मोजावें, मग पैसा काढावा. पुढच्या वर्षीं तो पुन्हां मागेल, तेव्हां वही घेऊन ये म्हणून सांगितलें आहे. नोंदींवरून गरज दिसली, तर पैसे मी देईन.