शेजारच्या सीटचं भाडं

मुंबईहून बँकॉकला जाणाऱ्या रात्रीच्या विमानात एका रांगेत बसलेल्या तिघांनी बहुतेक वेळा तीन वेगवेगळी भाडी भरलेली असतात. सव्वाचार-साडेचार तासांचा प्रवास तोच, सीट तशीच, तरी एकाने दुसऱ्याच्या जवळपास निम्मेच पैसे दिलेले असू शकतात. हा फरक नशिबाचा किंवा एखाद्या गुप्त युक्तीचा, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. म्हणून मंगळवारी मध्यरात्री तिकीट काढा, ब्राउझरमधल्या कुकीज पुसून टाका, असे सल्ले घरोघरी दिले जातात. मला या सल्ल्यांत तथ्य दिसत नाही. भाडं मुख्यतः ठरतं ते आपण तारीख, विमानतळ, सामान आणि सोबत यांपैकी काय बदलायला तयार आहोत यावर. आणि ते खरोखर स्वस्त पडलं की नाही, हे घराच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंतचा खर्च मांडल्याशिवाय कळत नाही.

विमान कंपनी इकॉनॉमीतल्या सीट्स वेगवेगळ्या दरांच्या कप्प्यांत वाटते आणि प्रत्येक कप्प्याला इंग्रजी वर्णमालेतलं एक अक्षर देते. सर्वांत खालच्या दराच्या थोड्या सीट्स असतात. त्या संपल्या की वरचा दर लागू होतो. कुठल्या कप्प्यात किती सीट्स ठेवायच्या, यामागचा मूळ नियम बीओएसी या ब्रिटिश कंपनीत काम करणाऱ्या केन लिटलवुड यांनी 1972 मध्ये मांडला. समजा, स्वस्त तिकीट 15 हजारांचं आहे आणि ऐनवेळी येणारा प्रवासी 30 हजार देईल. असा प्रवासी येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त वाटली, तर ती सीट 15 हजारांना विकायची नाही, राखून ठेवायची. आजची संगणकप्रणाली कितीतरी गुंतागुंतीची झाली आहे, पण तिच्या मुळाशी हाच विचार आहे. म्हणजे पडद्यावर दिसणारा आकडा हा पुढे कोण येणार याचा कंपनीने बांधलेला अंदाज असतो. तुम्ही ते पान किती वेळा उघडलं यापेक्षा दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी किती कुटुंबं निघणार, याचा त्या अंदाजावर कितीतरी जास्त परिणाम होतो. ‘शेवटच्या क्षणी रिकाम्या सीट्स स्वस्तात काढतात’ ही आशाही म्हणूनच बहुधा फोल ठरते. शेवटच्या आठवड्यात येणारा माणूस गरजू असतो, हे कंपनीला ठाऊक असतं आणि वरचे कप्पे त्याच्यासाठीच राखलेले असतात. एखादं विमान खरंच रिकामं राहिलं तर दर उतरतोही, पण त्या भरवशावर चौघांची सहल आखता येत नाही.

कप्प्यांच्या या रचनेतून एक गोष्ट निघते, जी कुटुंबाने प्रवास करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. चार जणांसाठी एकत्र शोध घेतला आणि सर्वांत स्वस्त कप्प्यात दोनच सीट्स उरल्या असल्या, तर प्रणाली अनेकदा दोघांना खालचा आणि दोघांना वरचा दर लावत नाही. चारही सीट्स जिथे एकत्र मिळतात, त्या वरच्या कप्प्याचा दर ती चौघांनाही लावते. त्यामुळे चौघांचा शोध झाल्यावर प्रवाशांची संख्या एक करून तीच फ्लाइट पुन्हा पाहावी. माणशी दर कमी दिसला, तर दोन दोनच्या दोन बुकिंगचा विचार करता येतो. यात धोका आहेच. फ्लाइट रद्द झाली किंवा वेळ बदलली, तर दोन वेगवेगळ्या पीएनआरचे प्रवासी वेगवेगळ्या विमानांत जाऊ शकतात. लहान मुलांचं तिकीट मोठ्यांशिवाय सहसा काढता येत नाही, म्हणून प्रत्येक बुकिंगमध्ये एक पालक हवा. फरक पाचशे रुपयांचा असेल तर हा खटाटोप करू नये. माणशी चार-पाच हजारांचा असेल तर मात्र जरूर करावा.

सर्वांत मोठी बचत तारखेत असते. थायलंडचा गर्दीचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कारण तेव्हा हवा कोरडी आणि उकाडा कमी असतो. एप्रिलमध्ये 13 ते 15 तारखेला सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष. नाताळ आणि 31 डिसेंबरला तर साऱ्या जगाचे प्रवासी तिथे जातात. उरतात ते मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतचे पावसाचे महिने. पावसात कशाला जायचं, हा आक्षेप स्वाभाविक आहे, पण तो आकड्यांवर टिकत नाही. बँकॉकचा सर्वांत ओला महिना सप्टेंबर. त्या महिन्यातला तिथला सरासरी पाऊस मुंबईच्या जुलैतल्या पावसाच्या निम्माही नसतो. बहुतेक दिवशी दुपारनंतर एक-दोन जोरदार सरी येतात आणि थांबतात. कोकणातला किंवा मुंबईतला माणूस अशा पावसाला घाबरण्याचं कारण नाही. आपल्याकडे त्याच सुमारास पितृपक्ष असतो, शाळा चालू असतात, लग्नकार्यं नसतात, म्हणून इथूनही मागणी कमी असते आणि खालचे कप्पे लवकर संपत नाहीत.

शाळेत जाणारी मुलं असतील त्यांनी काय करावं, हा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. ज्यांना दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीतच जाता येतं, त्यांना लवचीक प्रवाशाइतकं स्वस्त तिकीट मिळणार नाही. त्यांनी सुट्टीच्या पहिल्या शनिवारऐवजी मधल्या मंगळवारी किंवा बुधवारी निघावं आणि काही महिने आधी बुकिंग करावं. आठवड्याच्या वाराला महत्त्व आहे ते इथे, प्रवासाच्या दिवसाला. तिकीट कुठल्या वारी काढलं याने फारसं बिघडत नाही.

बँकॉकला विमानतळ दोन आहेत आणि हिशेब अनेकदा इथेच चुकतो. 2006 मध्ये सुरू झालेला सुवर्णभूमी हा मोठा विमानतळ. त्याचं नाव मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. डॉन मुआंग जुना, शहराच्या उत्तरेला. थाई एअरएशिया आणि थाई लायन एअरसारख्या स्वस्त कंपन्यांचा तळ तिथे आहे. सुवर्णभूमीहून फाया थाईपर्यंत थेट रेल्वे जाते, साधारण अर्ध्या तासात. डॉन मुआंगलाही 2021 पासून रेड लाइन आहे. पण दोन्ही गाड्या रात्री बंद असतात. भारतातून जाणाऱ्या कित्येक फ्लाइट्स पहाटेच्या आधीच उतरतात. म्हणजे टॅक्सी करावी लागते आणि हॉटेलची खोली दुपारी दोनपर्यंत मिळत नाही. लवकर खोली हवी तर आदल्या रात्रीचं भाडं भरावं लागतं. त्यात सामानाची भर. सर्वांत खालच्या दरात बहुधा हातातलं सात किलोचं सामान तेवढं चालतं. जाता-येता वीस-वीस किलोचे पैसे मिळवले की ‘महाग’ कंपनीचं सामानासकटचं तिकीट पुष्कळदा स्वस्त ठरतं. दोन हजारांनी कमी दिसणारी फ्लाइट अशी तीन हजारांनी महाग पडू शकते.

कोलकात्याहून बँकॉक अडीच तासांवर आहे, म्हणून मुंबई–कोलकाता आणि कोलकाता–बँकॉक अशी दोन स्वतंत्र तिकिटं कधी कधी थेट फ्लाइटपेक्षा कमी भरतात. पण पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्या कंपनीवर कसलीही जबाबदारी येत नाही, नवं तिकीट स्वतःच्या खिशातून काढावं लागतं. मध्ये एक रात्र ठेवणार असाल, तरच हा मार्ग धरावा.

एकाच सीटचे असे दहा भाव लावणं ही लूट नाही का? मला तसं वाटत नाही. सगळ्यांना एकच दर लावला तर तो मधला कुठलातरी असेल आणि पावसाळ्यात कमी पैशांत जाऊ पाहणाऱ्याला तो परवडणार नाही. ऐनवेळी जास्त भरणाऱ्यामुळेच खालचा कप्पा शिल्लक राहतो. आक्षेप घ्यायचा तर तो शेवटच्या पानावर घ्यावा, जिथे सामान, सीटची निवड आणि ‘कन्व्हिनियन्स फी’ एकेक करून वाढत जातात आणि पहिल्या पानावरचा आकडा खोटा ठरतो. म्हणून तुलना नेहमी पैसे भरण्याच्या आधीच्या शेवटच्या आकड्यांची करावी. आणि प्रवास रद्द करावा लागलाच, तर ‘नॉन-रिफंडेबल’ हा शब्द वाचून गप्प बसू नका. भारतातल्या नियमांनुसार अशा तिकिटावरचे सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क प्रवाशाला परत मिळायला हवं. ते मागून घ्या.