पान्हा फुटताना दाटणारी खिन्नता

पान्हा फुटणे आणि वात्सल्य उचंबळणे या दोन गोष्टी आपल्या मनात इतक्या एकजीव होऊन बसल्या आहेत की, बाळाला पदराखाली घेताच आपले मन काळवंडून येते असे एखादी बाळंतीण सांगू लागली, तर तिची कैफियत पुरती ऐकण्यापूर्वीच घरातली माणसे तिच्या मातृत्वाविषयी निवाडा देऊन मोकळी होतात. हा निवाडा सर्वस्वी अन्यायाचा आहे.

बाळ चोखू लागले म्हणजे मज्जातंतूंमार्फत मेंदूला वर्दी पोचते, पोष ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरते, दुग्धपिंडांभोवतालच्या सूक्ष्म पेशी आकुंचन पावतात आणि पान्हा फुटतो. पुढील दुधाची तजवीज प्रोलॅक्टिन या दुसऱ्या संप्रेरकाकडे असते; त्यावर एरवी डोपामिनचा अंकुश असल्यामुळे, प्रोलॅक्टिन वाढण्यासाठी डोपामिनला काही काळ खाली यावे लागते. काही स्त्रियांच्या बाबतीत ही उतरण अवाजवी तीव्र होत असावी व तिची झळ मनाला लागत असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. तो अद्याप सिद्ध व्हावयाचा आहे.

लक्षणांचा क्रम मात्र विलक्षण नियमित असतो. दूध उतरण्याच्या काही क्षण आधी पोटात खड्डा पडतो, निष्कारण हुरहूर, चीड किंवा स्वतःविषयी तिटकारा दाटून येतो, आणि थोड्याच मिनिटांत मन निवळते. पुन्हा पान्हा दाटला की पुन्हा तेच. यंत्राने दूध काढताना, इतकेच नव्हे तर बाळ जवळ नसताना आपसूक पान्हा आला तरीही हे घडते, यावरून या खिन्नतेचा मायेच्या उणिवेशी काडीचाही संबंध नाही हे उघड होते. अमेरिकेतील स्तनपान-सल्लागार आलिया हाइस यांनी स्वानुभवावरून या विकाराचा पाठपुरावा केला आणि 2011 साली डायान वीसिंगर यांच्यासह त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध केली; ‘डी-मेर’ या संक्षिप्त नावाने तो आता ओळखला जातो.

दिवसभर न हटणारी उदासी किंवा जीव नकोसा वाटणे ही बाळंतपणानंतरच्या नैराश्याची लक्षणे होत. तेथे डॉक्टरांकडे जाण्यास क्षणाचाही विलंब नको. परंतु दुधाबरोबर येऊन दुधाबरोबरच ओसरणाऱ्या खिन्नतेचे कारण शरीरात आहे, एवढे कळल्यानेही पुष्कळ मातांचा जीव भांड्यात पडतो. घरातील वडीलधाऱ्यांनी एवढा खुलासा तिला आपल्या तोंडून करावा, आणि तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा.